घाण सगळ्यांनी बघितली, पुसली कोणी?

२०२५च्या गणपतीत आम्ही सगळी भावंडं कुडाळजवळच्या घरी जमलो होतो. दुपारची आरती झाली, मोदक हाणून झाले आणि सगळे माजघरात आडवे झाले. बाहेर पाऊस, नेटवर्क असून नसल्यासारखं. धाकट्या बहिणीने पुण्याहून निघतानाच फोनवर एक डॉक्युमेंटरी डाउनलोड करून ठेवली होती. फोन पाटाला टेकवून सात-आठ जण समोर बसलो. नेटफ्लिक्सची 'ट्रेनरेक: पूप क्रूझ'. भर समुद्रात एक आलिशान जहाज बंद पडतं, संडास बंद होतात, आणि पुढे काय होतं ते नावातच आहे.

आम्ही लोळून लोळून हसलो. कोणी 'ईईई' करत होतं, कोणी पॉज करून परत दाखवत होतं. एकटा दादा हसत नव्हता. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. गोव्यात हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि गेली सात वर्षं क्रूझवर हाउसकीपिंगला आहे. दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधल्या सुट्टीत घरी आला होता. फिल्म संपली, तसा तो एवढंच म्हणाला, "पण ह्या सगळा साफ केल्यान कोणी?"

कोणीच उत्तर दिलं नाही. मीही नाही. जवळजवळ तासभर मी तेच बघत होतो, तरी मला सांगता आलं नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी सिस्टिम कोसळली की नंतर एक रिपोर्ट लिहावा लागतो. काय बिघडलं, कोणाच्या लक्षात आलं, कोणी दुरुस्त केलं, कसं केलं. दादाचा प्रश्न ऐकून वाटलं, आपण आत्ता असा रिपोर्ट बघितला ज्यात 'दुरुस्त कोणी केलं' हा रकानाच कोरा आहे. मग त्या प्रश्नाच्या मागे लागून मी जहाजांवरच्या स्वच्छतेबद्दल आणखी काही बघितलं, वाचलं. एक निबंध, एक सिनेमा, आणखी एक डॉक्युमेंटरी. आधी 'पूप क्रूझ'पासून सुरुवात करतो.

लाल पिशव्या

घटना खरी आहे. ७ फेब्रुवारी २०१३ला 'कार्निव्हल ट्रायंफ' हे जहाज टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनहून चार दिवसांच्या सहलीला निघालं. ३,१४३ प्रवासी आणि १,०८६ कर्मचारी. मेक्सिकोतलं कोझुमेल बघून परतताना १० तारखेला पहाटे इंजिनरूममध्ये आग लागली. कारण अगदी साधं: डिझेल जनरेटरच्या इंधनाच्या एका नळीतून गळती. आग विझली, कोणाला इजा झाली नाही, पण वीज गेली.

जहाजावरचा फ्लश आपल्या घरच्यासारखा टाकीतल्या पाण्याच्या जोरावर चालत नाही. तो हवेने ओढून घेतो, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. त्यामुळे पाणी अगदी थोडं लागतं, पण पंप सतत चालू असावे लागतात. वीज गेली की पंप गेले आणि पंप गेले की हजारो माणसांचे संडास एकदम गेले. टगबोटींनी जहाज ओढत ओढत अलाबामातल्या मोबिल बंदरात आणलं, तेव्हा १४ तारखेची रात्र झाली होती. तोपर्यंत प्रवाशांना सांगितलं होतं, लघवी शॉवरमध्ये करा, बाकीच्यासाठी या घ्या लाल पिशव्या.

दिग्दर्शक जेम्स रॉस याला प्रेक्षकाची नाडी कळते. फिल्म कुठेही रेंगाळत नाही. ती विनोदी आहे याबद्दलही माझी तक्रार नाही. अशा प्रसंगात माणसं हसतातच. तक्रार वेगळी आहे. प्रवाशांना या फिल्ममध्ये आगापिछा आहे. होणाऱ्या सासऱ्यासोबत आलेला तरुण, लग्नाआधीची पार्टी करायला आलेल्या मैत्रिणी. ते का आले होते, त्यांना काय वाटलं, घरी गेल्यावर काय झालं, सगळं आपल्याला कळतं. कर्मचारीही आहेत, नाहीत असं नाही. एक बारटेंडर आहे, एक आचारी आहे, करमणुकीचं बघणारी क्रूझ डिरेक्टर आहे. पण त्यांनी काय केलं यापेक्षा त्यांनी काय बघितलं यातच फिल्मला रस आहे. आचारी एका तुंबलेल्या संडासाचं वर्णन करतो: थर, त्यावर कागद, त्यावर पुन्हा थर, लझान्यासारखा. फिल्ममधला सर्वात गाजलेला विनोद हाच. विनोद झाला की कॅमेरा पुढे सरकतो.

मला आता ते थर सोडून वेगळंच दिसायला लागलं. त्या लाल पिशव्या कॉरिडॉरमधून कोणी उचलल्या? कुठे नेल्या? उचलणाऱ्याला ग्लोव्ह्ज पुरले का? तो स्वतः कुठे जात होता? तीन प्रवाशांमागे साधारण एक कर्मचारी, म्हणजे हजारावर माणसं. त्यांच्याही केबिनमध्ये वीज नव्हती, त्यांचेही संडास बंद होते, आणि कर्मचाऱ्यांच्या केबिन बहुतेक जहाजांवर खाली, खिडकी नसलेल्या मजल्यांवर असतात. प्रवाशांनी गाद्या काढून डेकवर मोकळ्या हवेत मुक्काम ठोकला. बादली घेऊन उभं राहणाऱ्याची ड्युटी मात्र चालूच होती.

किळस वेगळी, जंतू वेगळा

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण 'पूप क्रूझ'सारखी फिल्म त्या एकच करून टाकते. घाण दिसते. जंतू दिसत नाही. आणि जहाजांवर आजार पसरतो तो सहसा जिथे सगळं चकचकीत दिसतं तिथून. जिन्याचा पितळी कठडा, लिफ्टचं बटण, बुफेतला सगळ्यांनी हाताळलेला चिमटा.

क्रूझवरच्या उलट्या-जुलाबांच्या साथींमध्ये सर्वात जास्त वेळा सापडणारा आरोपी म्हणजे नोरोव्हायरस. नाव आलं अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक या गावावरून. तिथल्या एका शाळेत १९६८ साली साथ आली होती. म्हणजे जहाजाशी बदनामीने जोडल्या गेलेल्या या विषाणूचं नाव मुळात एका शाळेने दिलंय. तो भयंकर चिवट आहे. आजारी पडायला त्याचे शंभराहून कमी कण पुरतात. टेबलावर, दरवाजाच्या मुठीवर तो दिवसचे दिवस टिकतो. बरा झालेला माणूसही दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ तो शरीराबाहेर टाकत राहू शकतो. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे, अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली घासावे लागतात. पृष्ठभाग क्लोरिनच्या ब्लीचने पुसावे लागतात, आणि ब्लीच लगेच न पुसता काही मिनिटं तसंच राहू द्यावं लागतं.

आता हे लक्षात ठेवून काही जहाजांवरच्या त्या प्रसिद्ध व्हिडिओंकडे बघा. रील्समध्ये तुम्ही पाहिले असतील. बुफेच्या दारात हसतमुख कर्मचारी उभा, हातात स्प्रेची बाटली, तोंडाने "वॉशी वॉशी" गातोय, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर सॅनिटायझर मारतोय. लोक नाचत नाचत आत जातात. मला हा व्हिडिओ फार आवडायचा. आता बघताना वाटतं, हेही एक नाटकच आहे. स्वच्छता चालू आहे असं दाखवणारं, गोड, टाळ्या घेणारं. नोरोव्हायरससाठी त्याहून उपयोगाचं आहे ते दाराशेजारचं बेसिन, आणि त्यावर कोणी गाणं करत नाही. पहाटे तीनला कठड्याला ब्लीच लावणाऱ्यावर तर नाहीच नाही.

दुसरीकडे, जहाजांवर अन्यायही होतो, तेही सांगायला हवं. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी १९७०च्या दशकापासून जहाजांसाठी स्वच्छता-तपासणीचा स्वतंत्र कार्यक्रम चालवते. अमेरिकी बंदरात येणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांवर अधिकारी न सांगता येतात, शंभरपैकी गुण देतात. ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. गुण सगळ्यांना बघता येतात. जहाजावर कोणाला जुलाब झाले की त्याची नोंद ठेवावी लागते, आणि प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी तीन टक्के लोक आजारी पडले की ती साथ जाहीर होते. जमिनीवर एखाद्या लग्नात शंभर जणांचं पोट बिघडलं तर कोण मोजतं? 'पनीर खराब होतं' म्हणून आपण विषय संपवतो. सीडीसीच्याच हिशेबात, अमेरिकेत नोंदवल्या गेलेल्या नोरोव्हायरसच्या एकूण साथींपैकी क्रूझवरच्या साथी साधारण एक टक्का आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्या सर्व्हरवर लॉगिंग चालू असतं तोच सर्वात जास्त बिघडतोय असं वाटतं.

म्हणजे जहाज बाकी जगापेक्षा घाणेरडं नाही. तिथे माणसं दाटीने राहतात आणि त्यांचं आजारपण मोजलं जातं, इतकंच. मग या विषयावरच्या फिल्मने, निबंधाने करायचं काय? माझ्या मते एकच गोष्ट: जंतू दिसत नाही, पण त्याचा रस्ता दाखवता येतो, आणि तो रस्ता जहाजावरच्या कामातून जातो. कोण कुठलं फडकं धरतो, कोण कोणासोबत झोपतो, कोणाला आजारी पडल्यावर सुट्टी घेता येते. हे दाखवलं की दादाच्या प्रश्नाचंही उत्तर आपोआप मिळतं. या एकाच कसोटीवर मी पुढच्या तिघांकडे बघितलं.

अर्ध्या तासाची जादू

पहिला आहे डेव्हिड फॉस्टर वॉलेस. १९९५च्या मार्चमध्ये हा अमेरिकन लेखक एका मासिकासाठी कॅरिबियन समुद्रात आठवडाभराच्या क्रूझवर गेला. 'हार्पर्स'च्या जानेवारी १९९६च्या अंकात त्याचा निबंध आला. पुढच्या वर्षी तो 'अ सपोजडली फन थिंग आय विल नेव्हर डू अगेन' या नावाने पुस्तकात आला. जहाजाचं खरं नाव 'झेनिथ', म्हणजे सर्वोच्च बिंदू. वॉलेसने ते बदलून 'नादिर' केलं, म्हणजे सर्वात खालचा. निबंध लांब आहे, तळटिपांनी भरलेला आहे, आणि फोनवर वाचायला त्रासदायक आहे. तरी वाचा.

त्यात केबिन साफ करणारी पेट्रा आहे. वॉलेसच्या लक्षात येतं की तो बाहेर गेला की परत येईपर्यंत केबिन लख्ख असते, पण पेट्रा कधी दिसत नाही. मग तो प्रयोग करतो. अर्ध्या तासाच्या आत परतला तर केबिन जशीच्या तशी. अर्ध्या तासाहून जास्त बाहेर राहिला की साफ. हिला कळतं कसं? तो लपतो, मध्येच अचानक येतो, कॉरिडॉरमध्ये डोकावतो, पण पेट्रा सापडत नाही. इंजिनिअर म्हणून मला हा भाग फारच आवडला. माणूस काळ्या डब्याला बाहेरून टिचक्या मारून आतली रचना ओळखायचा प्रयत्न करतोय.

वॉलेसला कर्मचारी दिसत नाहीत असं म्हणता येणार नाही. सुरुवातीलाच तो आपली बॅग स्वतः उचलून नेतो आणि त्यामुळे एका पोर्टरला साहेबाची बोलणी खावी लागतात. तो प्रसंग लेखकाला डाचत राहतो, आणि वाचकालाही. पण डाचतं ते स्वतःच्या अपराधीपणामुळे. पेट्राचं त्याला कौतुक आहे, जवळजवळ प्रेम आहे, तरी तिच्या हातात कुठलं रसायन आहे, तिला दिवसाला किती केबिन कराव्या लागतात, आजारी पडली तर काय होतं, इथपर्यंत निबंध जात नाही. स्वच्छता त्याच्यासाठी जादूच राहते.

दादाला मी हा अर्ध्या तासाचा किस्सा सांगितला. तो हसला. म्हणाला, "जादू कसली? आम्ही एकमेकांना सांगतो. जिन्याजवळचा बघतो कोण वर गेला, डेकवरचा बघतो कोण टॉवेल टाकून आडवा झाला. एका माणसाला अठरा केबिन असतात रे. पाळत नाही ठेवली तर संपणार कधी?" एकोणतीस वर्षं जुन्या निबंधातलं कोडं तिथेच मोदक खाता खाता सुटलं. त्याच्या जहाजावर तरी तसं असतं. वॉलेसने हा प्रश्न पेट्रालाच विचारला असता तर निबंध कमी गमतीदार झाला असता, पण कदाचित जास्त खरा.

पोहायला उतरा

दुसरा आहे स्वीडिश दिग्दर्शक रूबेन ऑस्टलुंडचा 'ट्रायँगल ऑफ सॅडनेस'. २०२२मध्ये कान महोत्सवात याला पाम दोर मिळालं. अतिश्रीमंतांची यॉट, वादळ, कॅप्टनसोबतचं जेवण, आणि मग एकामागून एक सगळ्यांच्या उलट्या. हा दहा-पंधरा मिनिटांचा गोंधळ इतका गाजला की लोक सिनेमा त्यासाठीच लक्षात ठेवतात. श्रीमंतांची जिरली, म्हणून टाळ्या.

मला मात्र त्या आधीचा एक छोटा प्रसंग मोलाचा वाटतो. एका बड्या पाहुण्याच्या बायकोला अचानक वाटतं की सगळे समान आहेत, म्हणून कर्मचाऱ्यांनीही समुद्रात पोहण्याची मजा घेतलीच पाहिजे. सगळ्यांनी. आत्ताच्या आत्ता. नाही म्हणायची सोय नाही. स्वयंपाकघरातलीही माणसं हातातलं काम टाकून रांगेत उभी राहतात आणि पाण्यात उतरतात. शेफ सांगून बघतो की अन्न खराब होईल. तसंच होतं. म्हणजे रात्रीच्या उलट्यांना फक्त वादळ जबाबदार नाही. ज्या माणसाला स्वयंपाकघर कळतं त्याला 'नाही' म्हणता आलं नाही, हेही एक कारण आहे.

हेच मी शोधत होतो. ऑस्टलुंड आजाराचा रस्ता दाखवतो आणि तो हुकमातून जातो. आणखी एक शॉट आहे. वरच्या मजल्यावर पाहुण्यांसमोर वावरणारे गोरे कर्मचारी टिपच्या आशेने घोषणा देत पाय आपटतायत, आणि खालच्या मजल्यावर आशियाई सफाई कामगार तो धडधडाट ऐकतायत. एका छतात दोन नोकऱ्या.

पण इथवर आणून सिनेमा जहाज सोडून देतो. जहाज बुडतं, वाचलेले एका बेटावर पोचतात, आणि तिथे संडासांची व्यवस्था बघणारी अबिगेल मासे पकडू शकते, चूल पेटवू शकते म्हणून राणी होते. डॉली डी लिऑनचं काम अफाट आहे. पण जहाजावर अबिगेल जेमतेम दिसते. तिला बोलायला मिळावं म्हणून आख्खं जहाज बुडवावं लागतं! बेटावरची अबिगेल म्हणजे सत्ता उलटली तर काय होईल याची गोष्ट. सत्ता न उलटता, सोमवारी सकाळी, उलटीने भरलेला गालिचा साफ करणाऱ्या अबिगेलची गोष्ट ऑस्टलुंडकडे होती, आणि त्याने ती दोन-चार शॉटमध्ये संपवली.

फोनमधलं जहाज

तिसरी हॅना ओल्सनची 'द लास्ट क्रूझ', एचबीओवर मार्च २०२१मध्ये आलेली, चाळीस मिनिटांची. विषय 'डायमंड प्रिन्सेस'. इथे जंतू नोरोव्हायरस नाही, कोरोना आहे.

तुम्हाला आठवत असेल. २० जानेवारी २०२०ला हे जहाज योकोहामाहून निघालं. २५ तारखेला हाँगकाँगमध्ये उतरलेला एक प्रवासी १ फेब्रुवारीला पॉझिटिव्ह निघाला. ३ तारखेला जहाज योकोहामाला परत आलं आणि ५ तारखेपासून सगळ्या प्रवाशांना केबिनमध्ये राहायला सांगितलं गेलं. जहाजावर ३,७११ माणसं होती. २,६६६ प्रवासी, १,०४५ कर्मचारी. शेवटी ७१२ जणांना लागण झाली.

ओल्सनने बाहेरून शूटिंग केलं नाही, करता आलंही नसतं. तिने जहाजावरच्या लोकांच्या फोनमधली फुटेज गोळा केली. प्रवाशांची, आणि कर्मचाऱ्यांचीही. त्यामुळे या फिल्ममध्ये आपोआप दोन जहाजं दिसतात. एका जहाजावर बाल्कनी आहे, कंटाळा आहे, दारावर टकटक होते आणि जेवण येतं. दुसऱ्या जहाजावर ते जेवण बनतंय, ट्रॉल्यांवर चढतंय, माणसं चिकटून चिकटून उभी आहेत, दाटीच्या मेसमध्ये जेवतायत आणि दोन-दोन जण एका केबिनमध्ये झोपतायत.

केबिनमध्ये बंद राहा, या सूचनेचा अर्थच असा होता की बाकीच्या हजार जणांनी बंद राहायचं नाही. नंतर सीडीसीच्या साप्ताहिकात या जहाजावरच्या कर्मचाऱ्यांबद्दल एक छोटा अहवाल छापून आला. कर्मचाऱ्यांपैकी सुरुवातीला सापडलेल्या २० रुग्णांमध्ये १५ जण जेवणखाणाच्या विभागातले होते. २० पैकी १६ जणांच्या केबिन तिसऱ्या डेकवर होत्या. जेवणखाण विभागाचे लोक राहतात तोच डेक. हे दोन आकडे शेजारी ठेवले की नकाशा तयार होतो. विषाणू हवेतून कसाही भरकटत नव्हता, तो ड्युटी चार्टप्रमाणे चालला होता.

या कर्मचाऱ्यांमध्ये १३२ भारतीय होते. त्यांच्यापैकी काहींनी त्या दिवसांत व्हिडिओ काढून मदत मागितली, आम्हाला वेगळं ठेवा, घरी न्या. आपल्यातल्या अनेकांनी ते व्हॉट्सअॅपवर पाहिले आणि पुढे ढकलले. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने ११९ भारतीय आणि पाच परदेशी नागरिक दिल्लीला आले आणि मानेसरला विलगीकरणात गेले. तेव्हा कोरोना ही आपल्यासाठी दूरची बातमी होती. महिनाभरातच आपणही घरात बसलो, आणि आपल्याही दारात कोणीतरी सामान ठेवून जायला लागलं.

'द लास्ट क्रूझ' या चौघांत मला सर्वात जवळची वाटते. तिच्यात कसब कमी आहे. शॉट हलतात, आवाज फाटतो. पण कॅमेरा ट्रॉली ढकलणाऱ्याच्या हातात आहे, म्हणून ट्रॉलीचा रस्ता दिसतो. तिचीही मर्यादा आहे. खालच्या डेकवरची माणसं घाबरलेली दिसतात, पण त्यांच्या कामातलं ज्ञान दिसत नाही. 'मला भीती वाटते' हे ऐकू येतं. 'हे काम असं करायला हवं होतं' हे फारसं नाही. प्रवासी, डॉक्टर, अधिकारी यांना मतं असतात. भांडी घासणाऱ्याला भावना असतात. सहानुभूतीने बनवलेल्या फिल्ममध्येही ही वाटणी राहतेच.

कोड रेड

शेवटी पुन्हा दादाकडे. विसर्जन झाल्यावर रात्री मी त्याला नीट विचारलं. सात वर्षांत आपण हे कधी विचारलं नव्हतं याची लाज वाटली. आम्ही विचारायचो, पगार किती, कुठले देश पाहिलेस, परफ्युम आणलंस का.

त्याने सांगितलं. आजाऱ्यांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की कोड रेड. मग बुफेत प्रवाशांनी काही उचलायचं नाही, सगळं कर्मचारी वाढणार. मीठ-मिरीच्या बाटल्या, मासिकं, पत्ते गायब. कठडे, बटणं, मुठी तासातासाला. ज्या केबिनमध्ये उलटी झाली तिथे वेगळी टीम, गाऊन आणि मास्क घालून. चादरी वेगळ्या रंगाच्या पिशवीत. संडास पुसलेलं फडकं बेसिनला लागता कामा नये. आधी स्वच्छ भाग, मग घाण, वरून खाली, क्रम चुकवायचा नाही. "फडकं चुकलं ना, की तूच साथ घेऊन पुढच्या केबिनमध्ये गेलास." हे सांगताना तो एखादा सीनियर आर्किटेक्ट डिझाइन समजावतो तसा बोलत होता. किळसेचा एक शब्द नाही.

मग त्याने त्याच्या एका जहाजावरची गोष्ट सांगितली. अमेरिकी बंदरात येणाऱ्या जहाजांवर नियम असा की जुलाब झालेल्या कर्मचाऱ्याला वेगळं ठेवायचं, आणि तो अन्नाशी संबंधित काम करत असेल तर लक्षणं थांबल्यावरही किमान ४८ तास कामावर घ्यायचं नाही. नियम शंभर टक्के बरोबर आहे. पण तेवढे दिवस त्याच्या केबिन दुसऱ्याकडे जातात, आणि केबिनसोबत टिप्सही. सोबत राहणारा एक मुलगा गोळ्या घेऊन, पोट दाबून, दोन दिवस काम करत राहिला. घरी बहिणीचं लग्न होतं. दादाला माहीत होतं. त्याने सांगितलं नाही. "सांगायला हवं होतं," तो म्हणाला. मग थोडा वेळ गप्प बसला. "पण मी पण एकदा तेच केलंय."

या एका वाक्यात मला चारही कलाकृतींमध्ये नसलेली गोष्ट सापडली. पुसणारा आणि पसरवणारा एकच माणूस असू शकतो, आणि त्याचं कारण त्याचे घाणेरडे हात नसून त्याच्या पगाराची रचना असू शकते. वॉलेसने पेट्राला जादूगार केलं, ऑस्टलुंडने अबिगेलला राणी केलं, रॉसने आचाऱ्याकडून विनोद घेतला, ओल्सनने भीती टिपली. चौघांनीही या माणसाला चूक करू दिली नाही. चूक करायची तर आधी निर्णय घेता यावा लागतो, आणि निर्णय घेणारा माणूस म्हणून त्यांनी त्याला बघितलंच नाही.

हे लिहिताना मी स्वतःला वेगळं काढत नाही. त्या दुपारी सर्वात मोठ्याने मीच हसलो होतो, सख्खा आतेभाऊ शेजारी बसलेला असताना.

दादाच्या फोनमध्ये सात वर्षांचं जहाज आहे. टॉवेलचे हत्ती, टॉवेलचे माकड, सूर्यास्त, बोट ड्रिल, क्रू मेसमधला वाढदिवस. स्क्रोल करता करता एक व्हिडिओ लागला. रात्रीचा लांबच लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना बंद दारं. गाऊन घातलेले तिघे एकेक मूठ पुसत पुढे सरकतायत. ब्लीच लावायचं, थांबायचं, मोजायचं, पुसायचं. कोणीतरी हळू आवाजात आकडे मोजतंय. मी विचारलं, हे कशाला शूट केलंस? तो म्हणाला, नवीन पोरांना दाखवायला, किती वेळ थांबायचं ते. घाई करतात.

व्हिडिओ चार मिनिटांचा होता. मी पूर्ण बघितला.